तडकूनही न विखुरणारी काच

म्हैसूर शहराच्या वायव्येस वसलेली विजयनगर ही वसाहत बाह्य वर्तुळमार्गाला अगदी खेटून आहे. येथून हिनकलच्या उड्डाणपुलापाशी पोचले की एक रस्ता हुणसूर व मडिकेरीकडे जातो. वर्तुळमार्गाने वळसा घेतला की बंगळूरचा महामार्ग गाठता येतो. सुमारे ११८ किलोमीटर लांबीचा हा द्रुतगती मार्ग १२ मार्च २०२३ रोजी राष्ट्राला अर्पण झाला आणि एकेकाळी तीन तास घेणारा प्रवास निम्म्यावर आला. येथील मराठी कुटुंबे सुट्टीत गावी निघतात तीही बहुधा स्वतःच्या मोटारीनेच. हासन, चित्रदुर्ग, हुबळी, बेळगाव ही गावे मागे टाकीत कोल्हापूर, सातारा, पुण्याकडे.

मोटार ताशी शंभर किलोमीटर वेगाने धावत असताना प्रवासी आणि समोरून येणारा वारा, धूळ, पाऊस व खडे यांच्यामध्ये एकच पडदा असतो, तो म्हणजे दर्शनी काच. वाहन घेताना आपण इंजिन पाहतो, रंग पाहतो, प्रति लिटर किती किलोमीटर जाईल ते विचारतो, कर्जाचा हप्ता किती बसेल याचा हिशेब मांडतो. काचेकडे मात्र आपले लक्ष जाते ते तिच्यावर पहिला तडा उमटल्यावर. वास्तविक ही काच मोटारीतील एक महत्त्वाचे सुरक्षासाधन आहे. ती कशी घडते, अपघातसमयी कोणते काम करते आणि ते काम तिला करता यावे म्हणून आपण काय करावे, याचा परिचय करून देण्याचा हा प्रयत्न.

एका चंबूची कथा

मोटारी रस्त्यावर आल्या तेव्हा त्यांना घरच्या खिडकीसारखीच साधी काच बसविली जाई. साधी काच फुटली की तिचे लांबट, सुरीसारख्या धारेचे तुकडे होतात. त्यामुळे किरकोळ टकरीतही प्रवाशांचे चेहरे व गळे चिरले जात.

यावरील उपायाची सुरुवात फ्रान्समध्ये झाली. एदुआर बेनेदिक्तस हे रसायनज्ञ होते, तसेच नामवंत चित्रकार व नक्षीकारही होते. १९०३ साली त्यांच्या प्रयोगशाळेतील काचेचा एक चंबू उंचावरून खाली पडला. तो तडकला, पण त्याचे तुकडे विखुरले नाहीत, चंबूचा आकार तसाच राहिला. त्यात पूर्वी सेल्युलोज नायट्रेटचे द्रावण होते आणि ते सुकून आतल्या बाजूस एक पातळ, पारदर्शक पापुद्रा तयार झाला होता. त्या पापुद्र्याने तुकडे धरून ठेवले होते. पुढे मोटार अपघातांत काचेने जखमी झालेल्यांच्या बातम्या त्यांच्या वाचनात आल्या आणि या चंबूची आठवण होऊन त्यांनी दोन काचांमध्ये असा पापुद्रा बसविण्याचे प्रयोग केले, असे सांगितले जाते. १९०९ साली त्यांनी या काचेचे पेटंट घेतले. पहिल्या महायुद्धात विषारी वायूपासून बचाव करणाऱ्या मुखवट्यांच्या डोळ्यांसाठी ही काच वापरली गेली. १९२०च्या दशकाच्या अखेरीस फोर्ड कंपनीने आपल्या ‘मॉडेल ए’ या मोटारीस अशी दर्शनी काच बसविण्यास आरंभ केला आणि सामान्य ग्राहकाच्या मोटारीत तिचा प्रवेश झाला.

त्या पहिल्या पापुद्र्यात एक उणीव होती. उन्हाने तो काही वर्षांतच पिवळा पडे व काच धुरकट होई. १९३०च्या दशकात पॉलिव्हिनिल ब्युटिराल, संक्षेपाने पीव्हीबी, हे प्लास्टिक त्या जागी आले. ते पारदर्शक राहते, काचेला घट्ट चिकटते आणि रबरासारखे ताणले जाते. आजही दर्शनी काचेत बहुधा हेच असते.

तरीही एक धोका उरला होता. आरंभीच्या काचांतील पीव्हीबीचा थर सुमारे ०.३८ मिलिमीटर जाडीचा असे. जोराच्या टकरीत प्रवाशाचे डोके तो थर फाडून आरपार जाई आणि फाटलेल्या भोकाच्या कडांनी गळ्यास गंभीर इजा होई. १९६६ सालच्या अमेरिकी मोटारींपासून ही जाडी दुप्पट, म्हणजे ०.७६ मिलिमीटर करण्यात आली. मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याहून किंचित अधिक, एवढीच ही वाढ. परंतु डोके आरपार जाण्याचे प्रकार त्याने मोठ्या प्रमाणात थांबले. आपल्या आजच्या मोटारींच्या काचेतही सामान्यतः हीच जाडी आढळते.

एकाच मोटारीत दोन प्रकारच्या काचा

मोटारीच्या सगळ्या काचा सारख्या नसतात, हे पुष्कळांना ठाऊक नसते. बाजूच्या खिडक्यांना आणि मागच्या बाजूस बहुधा ‘टफन्ड’ काच असते. ही काच सहाशे अंशांहून अधिक तापवून तिच्यावर चहूबाजूंनी थंड हवेचे झोत सोडतात. बाहेरचा पृष्ठभाग आधी निवतो, गाभा मागाहून निवतो. या ओढाताणीत पृष्ठभागावर कायमचा दाब आणि गाभ्यात ताण कोंडला जातो. अशी काच साध्या काचेहून कित्येक पटींनी मजबूत असते. मात्र ती फुटली की कोंडलेला ताण एकदम मोकळा होतो आणि संपूर्ण काचेचा खडीसाखरेच्या खड्यांसारखा चुरा होतो. या खड्यांना धार कमी असल्यामुळे खोल जखमा होत नाहीत. शिवाय, अपघातानंतर दरवाजा उघडेनासा झाला तर खिडकीची काच फोडून प्रवाशांना बाहेर काढता येते.

हीच काच समोर लावली तर काय होईल? पुढच्या ट्रकच्या चाकाखालून उडालेला खडा तिला लागला व ती फुटली, तर क्षणार्धात संपूर्ण काचेवर दाट जाळे पसरेल आणि भर वेगात चालकास समोरचा रस्ता दिसेनासा होईल. दुसरे म्हणजे, चुरा झालेली काच प्रवाशाला अडवून धरू शकत नाही.

म्हणून समोर ‘लॅमिनेटेड’ काच बसवितात. सुमारे दोन मिलिमीटर जाडीच्या दोन काचा आणि त्यांच्यामध्ये पीव्हीबीचा थर अशी तिची रचना असते. एकूण जाडी पाच मिलिमीटरच्या आसपास भरते. खडा लागला तर बहुधा बाहेरचीच काच तडकते, आतली शाबूत राहते आणि तड्याभोवतीचा भाग सोडून बाकी रस्ता स्वच्छ दिसतो. मोठ्या आघाताने दोन्ही काचा फुटल्या तरी तुकडे मधल्या थराला चिकटून राहतात. गोधडीतील चिंध्या जशा टाक्यांनी एकमेकींना धरून असतात, तशीच ही अवस्था असते. मधला थर ताणला जातो, झोळीप्रमाणे फुगतो आणि त्या ताणण्यात आघाताची बरीचशी ऊर्जा खर्ची पडते. याच थरामुळे उन्हातील अतिनील किरणही बव्हंशी अडतात.

येथे एक बारकावा लक्षात घेण्याजोगा आहे. पीव्हीबी काचेला जितका घट्ट चिकटेल तितके चांगले, असे सहज वाटेल. प्रत्यक्षात तसे नसते. चिकटपणा फार झाला तर थराला ताणण्यास मोकळीक उरत नाही आणि तो जागीच फाटतो. कमी झाला तर काचेचे कण सुटून उडतात. या दोहोंमधील नेमका मध्य साधणे हेच या धंद्यातील कौशल्य होय.

तळेगाव ते चाकण

काचनिर्मिती हा महाराष्ट्राला परका विषय नाही. लोकांकडून पैसा-पैसा वर्गणी गोळा करून उभारलेल्या ‘पैसा फंडा’तून १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे काच कारखाना सुरू झाला. अंताजी दामोदर काळे यांच्या कल्पनेतून निघालेला हा फंड, अल्पबचतीतून उद्योग कसा उभा राहतो याचे बँकेच्या वाचकांनी आवर्जून आठवावे असे उदाहरण आहे. पुढे कराडजवळच्या ओगलेवाडीने आपल्या ‘प्रभाकर’ कंदिलाने घरोघर उजेड नेला.

त्याच तळेगावपासून फारशा दूर नसलेल्या चाकण परिसरात आज मोटारींच्या दर्शनी काचा तयार होतात. १६६५ साली फ्रान्समध्ये स्थापन झालेल्या सेंट-गोबेन उद्योगाच्या ‘सेंट-गोबेन सेक्युरिट इंडिया’ या कंपनीचा हा कारखाना आहे. मारुतीच्या आगमनानंतरच्या काळात उभी राहिलेली ‘असाही इंडिया ग्लास’ ही कंपनीदेखील या क्षेत्रातील अग्रगण्य उत्पादक असून तिचा एक कारखाना रायगड जिल्ह्यातील तळोजा येथे आहे.

दर्शनी काच घडते ती अशी. प्रथम सपाट काचेचे दोन तुकडे हव्या त्या आकारात कापून त्यांच्या कडा घासतात. कडेने काळ्या सिरॅमिक रंगाची पट्टी व ठिपके छापतात. ही पट्टी शोभेची आहे असे आपल्याला वाटते. परंतु काच ज्या गोंदाने मोटारीच्या चौकटीला चिकटविलेली असते त्या गोंदाचे उन्हापासून रक्षण करणे हे तिचे काम असते. मग दोन्ही तुकडे एकावर एक ठेवून भट्टीत तापवितात. मऊ झालेल्या काचा साच्यावर स्वतःच्या वजनाने वाकतात आणि दोघींना तंतोतंत सारखी वक्रता येते. त्यानंतर धूळविरहित खोलीत त्यांच्यामध्ये पीव्हीबीचा थर अंथरतात. या खोलीतील हवेची आर्द्रता काटेकोरपणे राखावी लागते, कारण थरातील ओलावा कमीजास्त झाला की वर सांगितलेला चिकटपणाही कमीजास्त होतो. या वेळी थर दुधाळ दिसतो. मधली हवा काढून घेतल्यावर ही काच ऑटोक्लेव्ह नावाच्या मोठ्या बंद पात्रात जाते. तेथे सुमारे १४० अंश उष्णता आणि वातावरणाच्या बारा-तेरा पट दाब यांखाली दुधाळ थर पूर्ण पारदर्शक होतो व दोन काचांची एक काच होते.

बँकेच्या कर्मचाऱ्यांना याच कुळातील आणखी एक काच परिचयाची असेल. रोखपालाच्या कक्षासाठी किंवा रोकड वाहून नेणाऱ्या गाडीसाठी जी गोळीरोधक काच वापरतात, तीही अशीच अनेक काचा व प्लास्टिकचे थर एकत्र बांधून तयार केलेली असते.

कायदा आणि कसोटी

आपल्या देशात ही काच कायद्याने आवश्यक आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०० अन्वये वाहनांच्या काचा सुरक्षा काचेच्या किंवा सुरक्षा ग्लेझिंगच्या असाव्या लागतात आणि दुचाकी व शेतीचे ट्रॅक्टर वगळता वाहनांची दर्शनी काच लॅमिनेटेड असावी लागते. आघाताने ही काच तडकेल व फुटेल, पण तिचे तुकडे प्लास्टिकला धरून राहतील, अशा आशयाची तिची व्याख्या नियमातच दिलेली आहे. म्हणजे काच फुटणारच हे नियमाने गृहीत धरले आहे. तिने कसे फुटावे, एवढेच ठरवून दिले आहे. समोरच्या व मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे, असेही याच नियमात म्हटले आहे. रात्रीच्या पावसात पादचारी वेळीच दिसावा, यासाठी ही मर्यादा आहे.

यासाठीचे भारतीय मानक आयएस २५५३, भाग २ हे होय. वाहने व त्यांचे सुटे भाग यांची चाचणी व प्रमाणन करणारी ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था १९६६ पासून पुण्यात कार्यरत आहे.

आंतरराष्ट्रीय पातळीवर प्रचलित असलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या ४३ क्रमांकाच्या विनियमातील चाचण्या पाहिल्या म्हणजे काचेकडून काय अपेक्षा असते ते ध्यानी येते. २२६० ग्रॅम वजनाचा पोलादी गोळा चार मीटर उंचीवरून काचेवर टाकतात. आघातानंतर पाच सेकंदांत तो आरपार जाता कामा नये. माणसाच्या डोक्याच्या आकाराचा दहा किलो वजनाचा ठोकळा दीड मीटरवरून टाकून काच कशी तडकते ते पाहतात. तिसऱ्या चाचणीत २२७ ग्रॅमचा लहान गोळा साधारण नऊ मीटर वा त्याहून अधिक उंचीवरून टाकतात. हा आकडा व्यवहारात पाहू. नऊ मीटरवरून पडणाऱ्या या गोळ्यात जेवढी ऊर्जा असते, जवळजवळ तेवढ्याच ऊर्जेने पन्नास ग्रॅमचा खडा ताशी शंभर किलोमीटर वेगाने धावणाऱ्या मोटारीच्या काचेवर आदळतो. महामार्गावर ‘टक्’ असा आवाज होतो आणि आपण पुढे निघून जातो, तेव्हा काचेने ही परीक्षा दिलेली असते.

टकरीच्या क्षणी

समोरासमोरच्या टकरीत दर्शनी काच तीन कामे करते. पहिले, तुकडे अंगावर उडू देत नाही. दुसरे, प्रवाशाला मोटारीबाहेर फेकले जाण्यापासून अडविते; बाहेर फेकला गेलेला प्रवासी वाचण्याची शक्यता फारच कमी असते. तिसरे काम कमी परिचित आहे. अनेक मोटारींत डावीकडील प्रवाशासमोरची एअरबॅग वरच्या दिशेने उघडते, दर्शनी काचेला टेकते आणि त्या आधाराने प्रवाशाकडे वळते. पापणी लवण्याच्या आत हे घडते. या धक्क्याने काच चौकटीतून निसटली, तर एअरबॅगला आधार उरत नाही. चौकटीला पक्की चिकटलेली काच मोटारीच्या सांगाड्यालाही बळकटी देते. मोटार उलटली तर छत दबू न देण्यात तिचा हातभार लागतो.

तथापि, काचेच्या सामर्थ्याला मर्यादा आहे आणि ती ओळखणे सर्वांत महत्त्वाचे. ताशी पन्नास किलोमीटर वेगाने होणारी टक्कर ही सुमारे दहा मीटर उंचीवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून, पडण्यासारखी असते. पट्टा न लावलेला माणूस त्या वेगाने पुढे फेकला गेला, तर काच त्याला कदाचित आत ठेवील. पण डोके व मान यांना बसणारा हादरा ती थोपवू शकणार नाही. काच, एअरबॅग आणि पट्टा ही तिघांची जोडलेली साखळी आहे आणि तिची पहिली कडी पट्टा होय.

मागच्या आसनावरील प्रवाशांनाही हे तितकेच लागू आहे. ४ सप्टेंबर २०२२ रोजी मुंबईकडे येताना पालघर जिल्ह्यात चारोटीनजीक सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री व जहांगीर पंडोल यांचे निधन झाले. दोघेही मागे बसले होते आणि पोलिसांच्या सांगण्यानुसार दोघांनीही पट्टा लावलेला नव्हता. पुढच्या आसनावरील दोघे गंभीर जखमी झाले, पण वाचले. मागे बसलेल्यांनी पट्टा लावणे तेव्हाही कायद्याने बंधनकारक होते व आजही आहे. आजी-आजोबा आणि मुले आपल्याकडे बहुधा मागेच बसतात, हे येथे विसरून चालणार नाही.

निगा आणि विमा

काचेवर लहानसा टवका उडाला तर त्याकडे दुर्लक्ष करू नये. नाण्याएवढा किंवा त्याहून लहान टवका, चालकाच्या थेट दृष्टीसमोर वा अगदी कडेला नसल्यास, विशिष्ट राळ भरून दुरुस्त करता येतो. तो तसाच राहिला तर त्यात पाणी व धूळ शिरते, आणि खड्ड्यातील एखादा हिसका किंवा तापलेल्या काचेवर एकदम सोडलेला वातानुकूलन यंत्राचा गार झोत त्याचा लांब तडा करतो. मग काच बदलण्यावाचून इलाज राहत नाही. वायपरचे झिजलेले रबर वेळच्या वेळी बदलावे. कोरड्या, धुळकट काचेवर वायपर चालवू नये.

काच बदलताना दोन गोष्टी पाहाव्यात. नव्या काचेच्या कोपऱ्यात आयएसआय चिन्ह, मानकाचा क्रमांक आणि ती लॅमिनेटेड असल्याचा उल्लेख आहे ना, हे स्वतः वाचावे. दुसरे, काच बसविण्यासाठी वापरलेला पॉलियुरेथेन गोंद पुरता आवळून येण्यास किती वेळ लागेल, हे कारागिरास विचारावे आणि तेवढा वेळ गाडी हलवू नये. घाईने नेलेल्या गाडीची काच वरून उत्तम दिसते. पण टकरीच्या वेळी एअरबॅगचा धक्का ती सोसू शकेलच असे नाही. काचेमागे कॅमेरा असलेल्या नव्या मोटारींत काच बदलल्यावर त्या कॅमेऱ्याची जुळणीही नव्याने करून घ्यावी लागते.

आता विम्याविषयी. केवळ तृतीय पक्ष विमा असेल तर आपल्या काचेची भरपाई मिळत नाही. त्यासाठी सर्वसमावेशक पॉलिसी हवी. वाहन बँककर्जातून घेतलेले असेल तर अशी पॉलिसी सामान्यतः असतेच. कर्ज फिटल्यावरही ती चालू ठेवणे शहाणपणाचे. मोटारीच्या प्लास्टिक व रबराच्या भागांची भरपाई देताना विमा कंपनी निम्मा घसारा वजा करते. काचेच्या भागांवर मात्र घसारा आकारला जात नाही, ही ग्राहकाच्या लाभाची तरतूद आहे. पॉलिसीतील अनिवार्य वजावट तेवढी आपल्याला सोसावी लागते. मात्र दावा केल्यास ‘नो क्लेम बोनस’ जाऊ शकतो, आणि हा बोनस पहिल्या वर्षानंतर २० टक्क्यांपासून पाच वर्षांनंतर ५० टक्क्यांपर्यंत पोचतो. म्हणून लहान टवक्याची दुरुस्ती स्वखर्चाने करावी आणि संपूर्ण काच बदलण्याची वेळ आली तर दोन्ही रकमा मांडून निर्णय घ्यावा. शंका असल्यास पॉलिसीची प्रत घेऊन आपल्या शाखेतील वा विमा कंपनीतील अधिकाऱ्यांशी अवश्य बोलावे.

वाचकहो, येत्या सुट्टीत विजयनगरहून कोल्हापूरला निघायचे असो वा पुण्याहून कोकणात उतरायचे असो, चाकांतील हवा व इंजिनचे तेल पाहून झाले की मिनिटभर दर्शनी काचेपुढे उभे राहावे. ओल्या फडक्याने ती आतून-बाहेरून पुसावी, कडेपासून कडेपर्यंत नजर फिरवून टवका वा तडा आहे का ते पाहावे, आणि किल्ली फिरविण्यापूर्वी मागच्या आसनावरील सर्वांचे पट्टे लागले आहेत याची खात्री करून घ्यावी. आपला प्रवास सुखरूप होवो.